खाडीचं पाणी गार आहे म्हणून

बिलॉक्सी, बुधवार

ती. बाबा,

काकांच्या रेमीजवळ ही चिठ्ठी देते आहे, कारण चक्रीवादळाचं नाव काढलं की तुम्ही फोनच ठेवून देता. मी खुशाल आहे. वादळाची मापं घ्यायला जाताना विमान कितीही हललं तरी आता मळमळत नाही, असं आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

धक्क्यावर तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात म्हणे, "मी पाण्यात हात घालून बघितलाय. गेल्या वादळानं समुद्र गार केलाय, आता दुसरं कशाला इकडं फिरकतंय!" आजोबाही हात घालून बघायचे, आणि बहुतेकदा त्यांचं खरं ठरायचं. वादळ खालचं गार पाणी ढवळून वर आणतंच. पण आपली खाडी पावसानं गार झालीय, बाबा. नवं वादळ येतंय त्या वाटेवरच्या समुद्रात आम्ही विमानातून तापमापकं टाकली. तिथं गरम पाणी फार खोलवर आहे. गेल्या वादळानं ढवळून खालूनही गरमच वर आलं, आणि गरम पाण्यावरच वादळ पोसतं.

आकडे बघून साहेबांनी एवढंच विचारलं, "तुझ्या घरचे निघाले ना?"

मी हो म्हणाले.

रेमीच्या ट्रकमध्ये आईच्या कोंबड्यांनाही जागा आहे. होडी झाडांना बांधा आणि निघा. तिच्यात राखण करत बसू नका.

उद्या आमचं विमान खाडीवरून जाईल. नेहमीसारखी होडीवर उभं राहून टोपी हलवू नका, बाबा. वरून मला तापमापकांशिवाय काहीच खाली सोडता येत नाही.

तुमची,
ओडील