सबनीसच्या टेबलावरचा दुसरा ग्लास

गुरु., १५ जाने.
दुपारी अल खौदकडची तीन पोरं. बिअर सांगितली आणि मागायच्या आधीच वयाची कार्डं काढून टेबलावर मांडली, शंका तिथंच आली. तिघंही म्हणे बावीस-तेवीसचे, युनिव्हर्सिटीतले. मी पाणी ओतत रेंगाळलो. कान आपलं काम करतात. एक हळूच दुसऱ्याला, "ब्रो, सरने फिजिक्स फाइल साइन किया?" संपलं. शाळकरी पोरं, कार्डं थोरल्या भावांची. म्हटलं, "लाइम सोडा माझ्याकडून. आणि भावाला सांग, कार्ड सांभाळत जा." लाजले, पण सोडा पिऊन गेले. स्टाफ हसून बेजार.
एकवीसच्या खाली दारूचा थेंब नाही. गल्फमधल्या या गावात भांडी घासायला लागलो तेव्हापासून बघतोय, आणि स्वतःचं रेस्टॉरंट चालवायला घेतल्यापासून पाळतोय. फुशारकी आहे. असू दे.

शनि., १७ जाने.
मंडळाचा तिळगूळ आटोपून चार कुटुंबं जेवायला. बुकिंग नितीन सबनीसचं. मंडळाचा अध्यक्ष, सोहारच्या प्लँटवर मोठा इंजिनिअर. माझं शनिवारचं निम्मं गिऱ्हाईक त्याच्या एका फोनवर. म्हणून सकाळी स्टाफला मीच सांगितलं, त्या टेबलावर कार्ड मागू नका, घरचीच माणसं आहेत. वेट्रेस रोझलिननं विचारलंच, "सर, किड्स?" मी म्हटलं, "फादर बसलाय ना बरोबर. डोंट सी."
सबनीसनं दोन रम-कोला सांगितले, दोन्ही स्वतःच्या नावावर. एक आपल्या मुलीपुढं, ईशापुढं सरकवला. पोरगी सतराची, बारावीत. "आमच्यात लपवाछपवी नाही हो. बाहेर कुठं शिकण्यापेक्षा बापासमोर शिकू दे. मुलगा-मुलगी भेद नाही आपल्याकडं!" बाकीचे बाप माना हलवतात. त्याची बायको, मंजिरीवहिनी, फोनमध्ये डोकं घालून. पोरीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं, तर टाळ्या! बाळानं पहिलं पाऊल टाकल्यासारखं. शी.
दुसऱ्या राउंडच्या आधी ईशा गोडाच्या काउंटरवर आली. रोझलिनला हळूच, "मॅम, नेक्स्ट वन ओन्ली कोला, प्लीज. टुमॉरो आय हॅव केमिस्ट्री प्रॅक्टिकल. डोंट टेल पप्पा." (रविवारी इथं शाळा असते.) रो. म्हणाली, "ओके, बेबी."
मी दोन पावलांवर, खिरीच्या भांड्याशी. शब्दन् शब्द ऐकला. केलं काय? त्या टेबलाला कबाबची एक प्लेट माझ्याकडून पाठवली.
दुसरा राउंड आला, आणि मग सबनीसनं चेष्टेत पोरीच्या ग्लासातला घोट घेतला. "यात रम कुठंय? विलास, तुझ्याकडं पेग चोरतात की!" भर जेवणात, मोठ्यानं. रो.नं एकदा ईशाकडं बघितलं. "सॉरी सर. माय मिस्टेक." पोरगी ताटाकडं बघत बसली. आणि मी माफी मागितली. मी.

रवि., १८ जाने.
सबनीसची लेखी तक्रार थेट हॉटेलकडं. रेस्टॉरंट मी चालवतो, पण लायसन हॉटेलचं. कुरियनसाहेबांनी, म्हणजे जी.एम.नी, बोलावून घेतलं. दुसऱ्या राउंडची चिठ्ठी दोन पेगची, बाटलीतून गेला एकच. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच लावतात: उरलेला पेग बाई नंतर खपवणार होती. चौकशी होणार, तोवर ड्यूटी बंद. चोरीचा शिक्का बसला की व्हिसा कॅन्सल, मनिलाचं तिकीट. मग गल्फमध्ये कुठंच कोणी उभं करणार नाही. सात वर्षं झाली तिला इथं. एक चमचा हरवला नाही कधी.

सोम., १९ जाने.
रो.ला भेटलो, स्टाफ रूमच्या खाली. "खरं का सांगत नाहीस?"
"टेल व्हॉट, सर? की टेबलवर बच्ची पी रही थी? यू टोल्ड मी, डोंट सी."
तोंडावर माझं हसू तसंच राहिलं, नेहमीचं, गिऱ्हाइकांसाठीचं.
मग तीच म्हणाली, "अँड शी आस्क्ड मी, सर. आय सेड ओके."
म्हणजे ती पोरीलाही वाचवतेय आणि मलाही. जेवलो नाही.

मंगळ., २० जाने.
सबनीसला फोन. म्हटलं, तक्रार मागं घे, माझ्यासाठी. "अरे, एका वेट्रेससाठी एवढं? पैशाचा प्रश्न नाही विलास, तत्त्वाचा आहे." तत्त्व! सतरा वर्षांच्या पोरीपुढं रम सरकवतो आणि तत्त्व. वर हसत हसत, "मंडळाची जेवणं दुसरीकडं हलवायची का मग?" मीही हसलो. फोन ठेवल्यावर चूळ भरून आलो. खरंच भरली.
त्याची किळस येते म्हणावं, तर त्याला टेबल लावून दिलं कुणी? तिसऱ्यांदा बसले होते ते असे. मागच्या दोन वेळा ईशाच्या जागी दुसऱ्यांची पोरं होती. आणि मी अल खौदच्या पोरांना सोडा पाजून शहाणपण सांगतो.

बुध., २१ जाने.
लिहून दिलं. तीन कागद फाडले आधी. शेवटी एवढंच: टेबलावर एकवीसच्या खालची व्यक्ती होती. मला माहीत होतं. कार्ड मागू नका, हा हुकूम माझा. पहिला ग्लास माझ्या हुकमानं गेला. दुसऱ्यात वेट्रेसनं दारू घातली नाही, ती चोरी नव्हे, थांबवायचं ते काम माझं होतं.
ईशानं काय सांगितलं ते लिहिलं नाही. ते माझं नाही, द्यायला.
कुरियनसाहेबांनी दोनदा वाचलं. "विलास, लायसन जाएगा. तेरा काँट्रॅक्ट भी. यल्ला, चल, वापस ले लो, मैंने देखा नहीं."
कागद टेबलावर ठेवून आलो. अर्बाबशी, म्हणजे हॉटेलच्या मालकाशी, बोलून रविवारी कळवतील.
घरी सांगितलं नाही अजून.

शुक्र., २३ जाने.
सकाळी दहाला सबनीसचा फोन. हॉटेलनं त्याला विचारलेलं दिसतंय. "माझ्या मुलीची बदनामी करतोस?"
म्हटलं, "नाव कुठंही नाही."
"मग त्या बाईनं कुणाच्या परवानगीनं रम घातली नाही? कोण लागून गेली ती? चोर ती चोर. मी सोडणार नाही, तिला विमानात बसवूनच..."
ईशानंच सांगितलं होतं, हे तोंडाशी आलं होतं. एक वाक्य, आणि रो. सुटली असती. गिळलं.
तेवढ्यात त्याच्या मागं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ईशा. घरात सगळं इंग्रजी चालतं त्यांच्या, पण हे मराठीत, अडखळत, बापाला भलता अर्थ काढता येऊ नये म्हणून असेल.
"पप्पा, मी सांगितलं होतं त्यांना. मला नको होतं. ते... पहिलं पण नको होतं मला."
सबनीसचा श्वास ऐकू येत होता. पोरीचाही, जवळ आल्यासारखा.
त्यानं फोन ठेवला नाही. मीही नाही.