तिसऱ्या भट्टीतला खून

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आज फक्त शिर, उरलेली सात अंगं समक्ष भेटीत.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की पाहुणे उठावेत म्हणून अजून मुद्दाम काढतात? भाचीचा निकाल कळव, आणि चांगला नसेल तर जरा थांबून कळव. यापुढे इकडील सर्व क्षेम असं लिहायची पद्धत आहे, पण मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. इकडे ऐन नाताळच्या तोंडावर खून झाला आहे. माणसाचा नव्हे, बस खाली. सासूबाईंच्या खमिराचा.

तू म्हणशील, खमिराचा कसला खून. ताई, तुला बेकरीतल्या माणसांचं काळीज कुठे असतं हे माहीत नाही, ते बरणीत असतं. हे खमीर सासूबाईंना त्यांच्या आईने लग्नात दिलेलं. इतरांना भांडी देतात, यांना बुडबुडे दिले. गेली सेहेचाळीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ त्याला मूठभर पीठ आणि कोमट पाणी मिळतं, आणि त्याच्यावरच नाताळचा तो फळं घातलेला मोठा पाव फुगतो, ज्याच्यासाठी लोक थंडीत कोपऱ्यापर्यंत रांग लावतात. सासूबाईंनी ती बरणी आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. दोन सख्ख्या मुलींच्याही नाही. पण या वेळी दवाखान्यात दहा दिवस राहायचं आलं (खुबा बदलला, आता बऱ्या आहेत), आणि जाताना त्यांनी बरणी दिली ती माझ्याकडे. ताई, अकरा वर्षं मी या घरात जावईबापू आहे. मला चहा अजून ट्रेमधून मिळतो. घरच्या माणसाला कुणी ट्रेमधून चहा देत नाही. तेव्हा बरणी हातात आली त्या दिवशी मी चहा स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने घेतला हे मी कबूल करतो, आणि आता त्या परत आल्यावर त्यांना काय तोंड दाखवू या विचाराने माझ्या ओळी वाकड्या जात आहेत. अक्षराकडे बघ.

आता थोडा दोष तुझ्याकडे येतो. तू वाचायला पाठवलेली ती नाताळातल्या खुनांची पुस्तकं मी गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचत होतो. सात झाली. सातही पुस्तकांत बर्फ पडतो, केक भाजला जातो आणि कुणीतरी मरतं, आणि गुन्हेगार पोलिसांना सापडत नाही, केक करणाऱ्या बाईला सापडतो. आणि सातही पुस्तकांत तो घरातलाच असतो, गोड बोलणारा, सकाळी सगळ्यांना बिस्किटं वाटणारा. हे वाचल्यावर मी मान वर करून आमच्या बेकरीकडे पाहिलं, तर इथे सगळेच गोड बोलतात आणि सगळेच बिस्किटं वाटतात. त्या दिवसापासून मी दक्ष होतो.

तरीही मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास भट्टीकाकांनी (हे आमच्या भट्टीवर तीस वर्षं आहेत, पावाशी बोलतात, माणसांशी नाही) हंबरडा फोडला. बरणी तिसऱ्या भट्टीत सापडली. ही भट्टी वर्षभर थंड असते. नाताळच्या ऑर्डरी वाढल्या की पेटवतात, आणि त्या दिवशी पहाटे ती पेटवलेली होती. झाकण वितळलेलं, आत तपकिरी भाजलेली खपली. वास मात्र छान येत होता, हे विशेष क्रूर वाटलं.

मी लगेच तपास हाती घेतला. पावलांचे ठसे घ्यायला जमिनीवर पीठ भुरभुरावं असं पुस्तकात आहे. आमच्याकडे पीठ आधीच होतं, आणि ठसे चारशेच्या वर. त्यातले तिसऱ्या भट्टीपर्यंत जाऊन परत आलेले ठसे एकाच चपलेचे होते, आणि ती चप्पल माझी निघाली. यावरून खुनी माझी चप्पल घालून गेला हे उघड आहे. किती पाताळयंत्री माणूस असेल! संशयित तीन. पहिले भट्टीकाका. ते रडले, आणि फार रडले; निर्दोष माणसाला इतकं रडायचं कारण काय? दुसरी माझी मेहुणी. तिला बेकरीत क्रीम केकचं कपाट टाकायचं आहे, आणि त्या कपाटाला जागा लागते नेमकी बरणीच्या फळीची. शिवाय बातमी ऐकून ती "अगं बाई" म्हणाली ते मला जरा तयार केल्यासारखं वाटलं. तिसरी तुझी भावजय. ती अजिबात रडली नाही. तिचं म्हणणं, ती त्या पहाटे माझ्यासोबत चहा घेत होती. पण हे सिद्ध करणारा साक्षीदार एकटा मीच, आणि तपास करणाऱ्याने स्वतःच्या साक्षीवर कसं विसंबावं? मी तिचं नाव यादीत ठेवलं. ते तिने वाचलं. कालपासून आमच्याकडे कुणी कुणाशी बोलत नाही.

शेवटी आज बुधवारी दुपारी मी सगळ्यांना पिठाच्या कोठारात बोलावलं. (पुस्तकात दिवाणखान्यात बोलावतात. आमच्या दिवाणखान्यात सध्या केकची खोकी आहेत.) तिघं पोत्यांवर बसली. मी मागे हात बांधून फेऱ्या मारल्या, एकेकाचा हेतू सांगितला, मेहुणीच्या कपाटापाशी आवाज जरा चढवला. मग भट्टीकाका वर्षातलं पहिलं वाक्य बोलले. म्हणाले, "भट्टी मीच पेटवली, मालकीणबाईंच्या मुलींनी सांगितलं म्हणून. पण भट्टीत बरणी ठेवली कुणी?" मी अत्यंत गंभीर चेहऱ्याने एकेकाच्या डोळ्यांत पाहिलं. कुणीही नजर चुकवली नाही. असे निर्ढावलेले लोक! तपास चालू आहे. सासूबाई उद्या गुरुवारी घरी येतात, शुक्रवारी नाताळच्या पावाचं पीठ भिजायला हवं. बाकी ठीक. भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं. बरणी मीच ठेवली तिथे. सातवं पुस्तक संपलं त्या संध्याकाळी मला या तिघांपैकी एकाचाही भरवसा वाटेना, म्हणून कुणी हात लावू नये अशा सगळ्यात सुरक्षित जागी, लोखंडी दारामागे ठेवली. हे कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं कुणाला? सगळेच संशयित.

ता. क. दुसरा. पत्र लिहायचं खरं कारण हे. पाच वर्षांपूर्वी तू आलीस तेव्हा सासूबाईंनी तुला त्या खमिराचा एक गोळा हौसेने दिला होता. (मुलींना दिला नाही, तुला दिला, यावरून घरात महिनाभर धुसफूस होती.) तू दर शनिवारी त्याचा पाव करतेस असं भावोजी कुरकुरत होते. त्यातलं वाटीभर मैद्याच्या गाडीवाल्याबरोबर गुपचूप पाठव. मी नवीन बरणीत घालून फळीवर ठेवीन आणि कुणाला काही कळणार नाही.

ता. क. तिसरा. पत्र न्यायला आलेला गाडीवाला चहा घेतोय, म्हणून घाईने लिहितो. सासूबाई आजच आल्या. काठी टेकत थेट फळीपाशी गेल्या. मी सगळं सांगून टाकलं. त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, "अरे वेड्या, त्यात काय एवढं? आईचं खमीर तर मीच लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मारलं होतं, उन्हात ठेवून. मग गुपचूप नवीन केलं. आज सांगते तेवढंच, तुझ्यात नि माझ्यात राहू दे." अकरा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अरे म्हटलं. मग त्या तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. म्हणाल्या, पीठ गेलं डोळ्यांत. ताई, सेहेचाळीस वर्षं पिठात काढलेल्या बाईच्या डोळ्यांत पीठ जातं? त्या खोटं बोलल्या. माझ्यासाठी बोलल्या. इतक्या दिवसांत एवढा एकच संशय माझा खरा निघाला. तेव्हा खमीर पाठवच, पण गुपचूप नको. बरणीवर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव घाल, आणि त्याखाली लिही, तुमच्या आईचं आहे.