घरचं पाणी

कुरुंदा, गुरुवार, एप्रिल

शाळा सुटली तसा थेट त्या घरावर गेलो. मी अन् रफीक मिस्त्रींनी दुरुस्त करून विकायला घेतलेलं घर. ते दिवसभर तिथं राबतात, मी उरलासुरला तासभर.

गिऱ्हाईक आलं होतं. निवृत्तीला आलेल्या नर्सबाई. खोल्या पाहिल्या, मग अंगणातला नळ सोडून ओंजळीनं पाणी प्याल्या. "गोड हाय हो. बोअर चांगला लागला म्हणायचा." मी नुसता हसलो. बाईंनी आपल्या बाटलीतलं जारचं पाणी झाडाला ओतलं अन् नळाखाली बाटली भरून घेतली. "आमच्या ह्यांना चाखवते."

बोअर मार्चातच आटला. टाकीत टँकरचं पाणी आहे, प्लास्टरवर मारायला आणलेलं. फसवायचं कुठं ठरवलं होतं? पण सांगितलं का? नाही.

त्या गेल्यावर उलट मीच चिडलो. "रफीकभाई, तुमी बोलले काहून न्हाई?"

ते थापी धूत होते. "मला वाटलं तुमी सांगाल. शिकवणारे तुमी."

"उन्हाळ्यात सगळ्यांचेच बोअर आटतात."

"मग सांगायला काय तकलीफ होती?"

काय तकलीफ होती, खरंच? गिऱ्हाईक जाईल ही भीती, दुसरं काय.

ती बाटली आत्ता त्यांच्या घरी असेल. बाई नवऱ्याला पेला भरून देत असतील. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. दोनदा काढला, दोनदा ठेवला.

निघताना रफीकभाई एवढंच म्हणाले, "बाटली सरायच्या आत फोन करा, सर."

लिटरभराचीच होती.