धुऊन दिलेली गाडी

कुरकुंभ, मंगळवार

प्रिय रोहन,

फोन बंद ठेवून काय मिळवलंस रे? वसुलीवाल्यांचा त्रास चुकला असेल, पण आबा रोज न्हावऱ्याहून मला विचारतात, लागला का त्याचा. चाकणला तू कुठं राहतोस ते तुझ्या दोस्ताला, ईश्वरला ठाऊक आहे, हे मी त्याच्या तोंडावरनंच ओळखलं. म्हणून चिठ्ठी त्याच्या हाती देतेय. त्याच्यावर चिडू नकोस. गाडीचा कोर्टाचा कागद घरी आलाय.

करिश्मा तिसरीत गेली. पांढरी गाडी दिसली की अजून मामा म्हणून हात करते. गाडी घेतलीस त्या दिवशी आबांना यवतला भेळ खायला नेलंस, आठवतंय? चपला हातात घेऊन बसले होते बिचारे, सीट खराब होईल म्हणून. मग कंपनीनं कामगारांची ने-आण तुझ्याकडनं काढून दुसऱ्याला दिली, हप्ते थकले आणि तू स्वतःच गाडी फायनान्सवाल्यांच्या यार्डात नेऊन दिलीस. तीही धुऊन, पुसून. चावी दिली की सुटलो, असं वाटलं तुला. खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. त्यांनी ती भंगाराच्या भावात विकली आणि उरलेल्या रकमेसाठी दावा लावला.

अनुपमा वकीलबाई म्हणतात, यार्डाच्या पावतीवर गाडी चालू, टायर नवे असं लिहिलंय, तर एवढ्या कमी भावात का विकली ते विचारता येईल. रक्कम कमी होईल, हप्तेही पाडून मिळतील. पण पावती तुझ्या पाकिटात आन् तू चाकणला.

आता लपवलेलं लिहिते. समन्स मलाही आलंय. जामीनदाराची सही माझी आहे, आणि मला तोंड दाखवायला लागू नये म्हणूनच तू गेलास, हे न कळण्याइतकी मी खुळी न्हाई. तुझ्या दाजींना सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्यावर धुसफुसले, तिसऱ्या दिवशी कोर्टाच्या तारखेसाठी रजेचा अर्ज टाकून आले. रागावले तर मीही होते. पण कागदावर आधी तुझं नाव आणि त्याखाली माझं पाहिलं अन् राग गेला. शाळेत भाषणाला तुला पुढं ढकलून मी मागं उभी राहायचे, तसंच. सोमवारी अकरा वाजता दौंडच्या कोर्टात आधी तुझं नाव पुकारतील. तू नसलास तरी मी उभी राहीनच. पण मागं उभं राहायचं तर पुढं कुणीतरी लागतं रे. पावती घेऊन ये. आणि दाढी करून ये, आबाही येणार आहेत.

तुझीच,
राजश्रीताई