उलटा चिमटा

४ जून

चि. माऊस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तीनदा फोन केला. ओरडायचंच असेल तर पत्र लिही, असं म्हणून तू फोन ठेवलास. घे, लिहिलं!

छोटीचा नव्या सायकलीवरचा फोटो मिळाला. पोरगी झकास दिसतेय. सायकल बघून मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. अगं, पुढचा चिमटा उलटा बसवलाय! फोटो नीट बघ. चाक धरणारा चिमटा खाली पुढच्या बाजूला वळलेला असतो. तुमचा पेडलकडे वळलाय आणि ब्रेक त्याच्या पाठीमागे जाऊन लपलाय. वळताना पोरीचा पाय चाकात जाईल. पंचवीस वर्षं सायकलींच्या दुकानात मी माश्या मारल्या नाहीत. खोक्यातून सुटी आलेली सायकल कोणी जोडली हे विचारतच नाही. गणिताच्या मास्तरांनी गणितं सोडवावीत!

सोळा तारखेला शाळा उघडली की ती त्या उतारावरून सायकलने जाणार म्हणतेस. सायकलीला कुलूप घाल आणि किल्ली आईकडे दे. रागावलोय, पण जीव आहे म्हणून.

तुझा दादा

७ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र माझ्याआधी छोटीच्या हाती लागलं. ती तेव्हापासून रडतेय. झालं समाधान?

ह्यांनी रविवारी तीन तास घाम गाळून सायकल जोडली. पोरगी शेजारी बसून एकेक नट पुसून देत होती. आणि तू दोनशे मैलांवरून, उंटावरून शेळ्या हाकतोस. ह्यांचं कधी काही बरोबर दिसलंय तुला? आमच्या लग्नात हारसुद्धा वाकडा घातला म्हणाला होतास.

आणि उताराचं मला नको सांगूस. हनुवटीवरचे पाच टाके रोज आरशात बघते मी. बारा वर्षांची होते. हँडल वळवलं पण चाक वळलंच नाही, असं रक्ताळलेल्या तोंडाने ओरडून सांगत होते. आई म्हणाली, नाचता येईना, अंगण वाकडं. त्यावर सगळ्यात मोठ्याने हसलास तो तू. त्यानंतर मी सायकलीला हात लावला नाही. म्हणून माझ्या पोरीने सायकल चालवावी असं मला वाटतं. ती सोळा तारखेला जाणार म्हणजे जाणार. आई बरी आहे. तूही बरा असशीलच.

माऊ

९ जून

चि. माऊस,

आशीर्वाद. तुझं पत्र दुकानात उघडलं आणि गिऱ्हाइकाला उद्या ये सांगून शटर ओढून घेतलं.

आधी कामाचं. हे तू स्वतः कर. सायकलीसमोर उभी राहा, पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धर आणि हँडल जोर लावून फिरव. चाक जागेवर राहून हँडल फिरलं, तर हँडलच्या दांड्याचा बोल्ट ढिला आहे. मग दोन्ही ब्रेक दाबून सायकल ढकल, चाकं फिरता कामा नयेत. चाक उचलून डावं-उजवं हलव, खडखडलं तर नट सैल. पोरीलाही शिकव. हे केल्याशिवाय तिला सीटवर बसू देऊ नकोस.

आता दुसरं. तू पडलीस ती सायकल माझी होती. आदल्या दिवशी हँडल उंच करायला मी बोल्ट सोडवला. तेवढ्यात पोरांनी खेळायला हाक मारली, तर नुसता हाताने पिळून पळालो. पाना लावलाच नाही. सकाळी तू मला न विचारता सायकल नेलीस. तुला उचलून आणलं तेव्हा मी आधी अंगणात जाऊन बोल्ट आवळला आणि मग तुझ्यापाशी आलो. हसलो ते भीतीने.

तेव्हापासून बोल्ट दोनदा बघितल्याशिवाय एकही सायकल मी कोणाच्या हाती दिलेली नाही. तुला मात्र सांगितलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. लोभ ठेव असं म्हणायला तोंड नाही.

दादा

११ जून

दादा,

आज ती. नाही, सा. न. नाही.

पत्र वाचून तडक सायकलीकडे गेले. चाक गुडघ्यांत धरलं आणि हँडल फिरवलं. हँडल फिरलं. चाक जागच्या जागी. हाताला ते लगेच ओळखू आलं रे. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले, रागाने. मी खरं बोलत होते!

हे शेजारीच उभे होते. तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी छोटीला हाक मारली आणि बाबा चुकले, चिमटाही उलटा आणि बोल्टही ढिला, असं सरळ सांगितलं. गणिताच्या मास्तरांना दोन मिनिटं लागली. तुला एकतीस वर्षं.

माझ्या हातून कप निसटला तरी आई अजून म्हणते, हिला मेलीला तोलच नाही. रविवारी पहिल्या गाडीने ये. पाना आण. पण सायकलीला हात लावायच्या आधी आईसमोर उभा राहा आणि अंगण वाकडं होतं, ते मी केलं होतं, असं तुझ्या तोंडाने सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

मग चिमटा सरळ कर, बोल्ट आवळ. तू आवळलास की मी चाक गुडघ्यांत धरून बघणार. तू नाही, मी. आणि पहिली चक्कर माझी. छोटीला सांगून ठेवलंय.

लोभाचं त्यानंतर बघू.

माऊ