येते म्हणायचं राहिलं

गारखेडा,
छत्रपती संभाजीनगर

प्रिय शिवकन्या,

मी सुखरूप पोचले हे तुला फोनवर कळलंच आहे. तरी पत्र लिहिते, कारण आपल्याकडे फोन आला की तुझे मामा तो स्पीकरवर टाकतात आणि स्वतःच बोलत बसतात. काल तुझी आई पडेगावहून येऊन गेली. चहा घेता घेता म्हणाली, पोरगी विचारत होती, आत्याबाई माझ्यावर रागावल्या का, निघताना दारात 'येते'सुद्धा म्हटलं नाही त्यांनी. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. तुला मात्र खरं सांगते. रागावले नव्हते. रागवायलाही माणसात काहीतरी शिल्लक असावं लागतं. माझा लेक, तुझा बद्री, गेला त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या आत काही हलतच नाही. जेवते, भाजी निवडते, लोकांच्या लग्नाला जाऊन येते, आणि दुसऱ्या दिवशी नवरीच्या शालूचा रंग विचारला तर सांगता येत नाही.

डेन्मार्कला मी हवापालट करायला आले नव्हते, हे तू ओळखलंच असशील. मामांनी मला पाठवलं होतं ते तुला घेऊन यायला. निघतानाही बजावलं, सूनबाईला म्हणावं, लई झालं तिथं एकटीनं, आपल्या घरी ये, इथं घर हाय, पिशोरला शेत हाय, आम्ही काय मेलो नाय. मी मान हलवली. तुझ्या दारात पाऊल टाकलं तर समोर बद्रीचे बूट. त्यानं काढून ठेवले असतील तसेच, एक थोडा तिरका. आत खुंटीला त्याचा कोट, खिडकीत चष्मा. मी माझी चप्पल त्या बुटांशेजारी काढली. तेव्हाही मला रडू आलं नाही. भूक आहे का विचारलंस, मी हो म्हणाले.

त्या रविवारी तू मला तिथलं जुनं गाव दाखवायला नेलंस. बद्रीला ते मला दाखवायचं होतं म्हणे. गाडी त्याच्या ऑफिसातल्या मित्राची, हेन्रिकची. मनात म्हटलं, दौलताबादचा किल्ला हाकेच्या अंतरावर असून मी कधी धड चढले नाही, आणि आता परक्यांच्या जुन्या गल्ल्या बघत फिरायचं. पण आले. दगडी रस्ते, लाकडी चौकटीत विटा भरलेली घरं, शिंप्याचं दुकान, पाववाल्याची भट्टी, आणि पणजोबाच्या काळचे कपडे घालून कामं करणारी माणसं. एका स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. एक बाई तिच्यावर काहीतरी भाजत होती. मी उंबऱ्याबाहेर तू घेऊन दिलेले गरम बूट काढले. तू म्हणालीस, इथं काढायचे नसतात. मी म्हटलं, पेटल्या चुलीपुढं पायताण घालून जायचं होय? मोज्यांवरच आत गेले. त्या बाईनं मला गरमगरम काहीतरी बशीत दिलं, मी खाल्लं, आणि उठताना सवयीनं तिला म्हटलं, येते. ती हसली. तिला काय कळलं असेल कोण जाणे.

आपण बाहेर पडलो ते मागच्या दारानं, दुसऱ्याच गल्लीत. शिंप्याच्या दुकानापाशी पाय गार पडले तेव्हा माझ्या लक्षात आलं, बूट तिकडंच राहिले. तू माघारी वळणार तेवढ्यात हेन्रिक गेला. आला तो माझे बूट दोन्ही हातांत धरून, देवघरातलं काही आणावं तसे. माझ्यापुढं गुडघ्यावर बसला आणि मला पाय घालता यावा म्हणून एकेक बूट धरून ठेवला. आपल्याकडे दुसऱ्याचं पायताण कोणी हातात घेत नाही, घेतलंच तर घरचं माणूस घेतं. त्या बिचाऱ्याला हे कुठलं माहीत! पण तुला माहीत होतं. तू झटकन शिंप्याच्या काचेकडे वळलीस, आणि काचेत मला तुझा चेहरा दिसला. लग्नानंतर पहिल्यांदा शेतावर आलीस तेव्हा बद्रीनं सगळ्यांदेखत तुझ्या पायातला काटा काढला होता. तेव्हा तू अशीच दिसत होतीस. मग गाडीत पुढच्या सीटवर न बसता तू माझ्याजवळ मागं येऊन बसलीस, अगदी अंग चोरून. मला काही कळत नाही असं समजू नकोस, बाई. मी बधिर झालेय, आंधळी नाही.

त्याआधी आपण आणखी एक घर पाहिलं होतं, आठवतं? पलंगावर दुमडलेली रजई, टेबलावर कप, कपाशेजारी चष्मा. माणूस आत्ताच उठून गेल्यासारखं. मी विचारलं, इथली माणसं कुठं गेली? हेन्रिकनं सांगितलं आणि तू मला मराठीत सांगितलंस, की ही घरं ठिकठिकाणच्या गावांतून सुटी करून आणून इथं पुन्हा उभी केलीत, आत कोणी राहत नाही, सगळं जिथल्या तिथं ठेवायचं आणि संध्याकाळी कुलूप लावायचं. मी त्या चष्म्याकडं बघत राहिले. मला तुझी खिडकी दिसायला लागली. दोन वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली, आणि ती तुझ्यासाठी वाटली. तुला चल म्हणायचं मी त्याच दिवशी सोडून दिलं.

दुःखाच्या घरातून निघताना आपण 'येते' म्हणत नाही. तुझं सुतक केव्हाच फिटलं, पण बूट दारातच होते. त्या परक्या बाईच्या घरात, जिथं रात्री कोणी झोपतसुद्धा नाही, तिथं जो शब्द सहज निघाला, तो तुझ्या उंबऱ्यावर माझ्या घशाबाहेर आला नाही. इथं आल्यावर मामांना एवढंच सांगितलं, ती येणार नाही. ते धुसफुसत पिशोरला निघून गेले. बियाणं बघायचंय म्हणे.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या मनात असेल तर हेन्रिकशी लग्न कर. तू मला विचारलं नाहीस, जन्मात विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. मला आनंद झालाय असं खोटं बोलणार नाही, आनंद अजून मला कशाचाच होत नाही. पण बद्रीच्या नावानं तू स्वतःला कुलूप लावून घ्यावंस, हे मला सोसणार नाही. त्याचे बूट दारातून उचल. टाकू नकोस, ज्याच्या पायाला होतील त्याला घालायला दे. मामांचं माझ्यावर सोड. ते आधी ओरडतील, चार दिवस जेवणाला नावं ठेवतील, आणि मग आहेराला काय न्यायचं ते मलाच विचारतील. दिवस ठरला की कळव. तुझ्या दारात म्हणायचं राहिलं होतं, ते आज इथून म्हणते, शिवकन्या. येते.

तुझीच,
आत्याबाई