मॅग्नस नावाचे तिघे

लिब्स्टर, केथनेस
१७ नोव्हेंबर १९९६

प्रिय केनेथ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मोरागची तब्येत चांगली आहे आणि डॉक्टर म्हणतायत मुलगा होणार, वाचून बरं वाटलं. इथे परवाच्या वाऱ्याने आमच्या खुराड्याचं छप्पर उचलून शेजारच्या बार्बराच्या कोबीत नेऊन टाकलं. ती म्हणते, "आता कोंबड्याही पाठव, म्हणजे संसार पुरा होईल." रॉबर्टचा गुडघा दुखतो, पण कुरकुर आधी होती तेवढीच आहे.

तुम्हा दोघांच्या बाळासाठी तू घराण्यातली नावं मागितलीस. "बाबांचं नाव आहेच म्हणा, पण" असं लिहून पुढे टिंबं दिलीस आणि लगेच हॅलिफॅक्सच्या बर्फावर घसरलास. ती टिंबं मला समजली. त्यावर नंतर येते, आधी काम.

विक गावच्या वाचनालयात जुन्या चर्चवह्या आता फिल्मवर बघायला मिळतात. यंत्राचा दांडा फिरवायचा आणि पाद्रीबुवांचं अक्षर लावत बसायचं. खापरपणजोबा मॅग्नस सदरलंड, हेरिंग मासळी भरायची पिंपं बनवणारे, त्यांचा बाप्तिस्मा मला १८२९ सालात सापडला. ह्यू सदरलंड आणि जॅनेट गन यांचा मुलगा. मी खूश. मग १८४१ची शिरगणती काढली, तर त्याच घरात मॅग्नस, वय तीन. बारा वर्षांचा घोडा आणि वय तीन! शिरगणतीवाल्याच्या नावाने मी बोटं मोडली. दारोदार हिंडताना त्याला घरोघरी एकेक घोट मिळाला असणार, असं धरून चालले. पुढची शिरगणती दहा वर्षांनंतरची. तिथे मॅग्नस, वय तेरा. म्हणजे हा दुसरा गडीही प्यायलेला, आणि तोही बरोबर नऊच वर्षांनी चुकला? तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

चर्चवही पुन्हा चाळली. १८३३, ह्यू आणि जॅनेट, मुलगा, मॅग्नस. १८३८, ह्यू आणि जॅनेट, मुलगा, मॅग्नस. हे तिसरे आपले. आधीचे दोघे कधी गेले, कशाने गेले, काही लिहिलेलं नाही. जन्मलेल्यांची नोंद व्हायची, पुरलेल्यांची तसदी क्वचितच कुणी घ्यायचं.

पद्धत तुला माहीत आहे. थोरल्याला आजोबांचं नाव, आणि तो गेला तर तेच नाव पुढच्याला. मलाही माहीत होती, म्हणून तर आधीच लक्षात यायला हवं होतं. पण ते तीन मॅग्नस वाचले आणि मला जॅनेटचा राग आला. मोठ्याची खाट, मोठ्याचे बूट धाकट्याला द्यावेत, ठीक आहे. पण नाव? मग त्या गेलेल्या पोराचं स्वतःचं म्हणून काय उरलं?

रविवारी जेसी आत्याकडे गेले. नव्वदी ओलांडली तरी वृद्धाश्रमात तिचा वचक आहे. तिला हे सांगितलं.

"मग तिने काय करायला हवं होतं?" आत्या म्हणाली.

"वेगळं नाव ठेवायचं."

"आणि मॅग्नस म्हणून हाक कुणाला मारायची? तुझ्या त्या यंत्राला?"

मी तिचा चहा ढवळून पुढे केला.

"अगं बये, पोर गेलं तरी नाव तोंडात राहतंच. दारात उभं राहून हाका मारायची सवय झालेली असते बाईला. कुणीतरी ओ द्यायला नको?" मग चहा फुर्रकन ओढून म्हणाली, "तू शेवटची हाक कधी मारलीस?"

बसची वेळ झाली म्हणून मी उठले. बस यायला बराच अवकाश होता.

केनेथ, माझा मॅग्नस बंदराच्या भिंतीवरून पाण्यात गेला तेव्हापासून या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही. रॉबर्ट बाप असून 'तो' म्हणतो. बार्बरा 'तुमचा मुलगा' म्हणते. तू तर पत्रात त्याचा विषयच काढत नाहीस, आणि मला त्रास होऊ नये म्हणूनच काढत नाहीस, हेही मला कळतं. बाबांचंही नाव मॅग्नसच, तर या सगळ्यात बिचाऱ्यांचं तेही गेलं. ते आता नुसते 'बाबा'.

काल दुपारी मागच्या दारात उभी राहिले आणि हाक मारून पाहिली. पूर्वी जेवायला बोलवायची तशी, मोठ्याने. आवाज घोगरा निघाला. बार्बराचा कुत्रा तेवढा धावत आला. कोबीतून तिने मान वर करून पाहिलं, पण काही विचारलं नाही. मग मला रडू आलं, खूप आलं. कुत्र्याला पावाचा तुकडा दिला आणि दार लावलं.

वंशावळ सोबत जोडली आहे. तीत आणखीही नावं आहेत, ह्यू, विल्यम, डोनाल्ड, सगळी चांगली. पण मोरागला सांग, मॅग्नस ठेवा. ते नाव माझ्या मुलाचं आहे आणि त्याचंच राहील. तरी जॅनेटने एका नावात तीन पोरं सामावून घेतली, मला दोन जड नाहीत. अट एवढीच की मॅगी, मॅक्स असली तोडमोड करायची नाही. हाक पूर्ण मारायची.

चालायला लागला की उन्हाळ्यात इकडे आणा. बंदरावर त्याला मी नेईन, हात धरून. आणि जेवायची वेळ झाली की दारातून हाक मी मारणार. तेवढं मोरागकडून कबूल करून घे.

तुझी बहीण आणि मॅग्नसची आई,
डॉनल्डिना